सोंगाची रीत आणि वादाची मर्यादा

'सोंग' हा शब्द मराठी माणसाला बहुधा वाईट अर्थानेच आठवतो. सोंग आणणे, झोपेचे सोंग घेणे, सोंगेढोंगे करणे, असे त्याचे सारे प्रयोग खोटेपणाकडे बोट दाखवतात. जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांत मात्र हाच शब्द आदराने उच्चारला जातो. शिमगा झाल्यानंतर उन्हाळ्याच्या दिवसांत तेथील गावोगावी बोहाडा भरतो. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव त्यांतला विशेष प्रसिद्ध. मशाली-टेंभ्यांच्या उजेडात आणि संबळ-पिपाणीच्या नादात रात्रभर एकामागून एक सोंगे निघतात. आरंभी गणपती, मग मोरावरची शारदा, पुढे रामायण-महाभारतातील देव, वीर आणि राक्षस, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते.

या उत्सवाची धार्मिक किंवा नाट्यशास्त्रीय चर्चा करण्याचा आमचा येथे हेतू नाही. आमचे लक्ष त्यातील एका गोष्टीने वेधून घेतले आहे. बोहाड्यात माणसाचा चेहरा पूर्ण झाकलेला असतो, तरी त्याला मन मानेल तसे वागण्याची मुभा मिळत नाही. उलट मुखवटा चढवला की बंधने वाढतात. सोंगाची चाल ठरलेली, क्रम ठरलेला, किती वेळ नाचायचे आणि कोणाला वाट द्यायची तेही ठरलेले. आतला माणूस परक्याला ओळखू येत नाही, पण सोंग कोणत्या घरचे हे गावाला ठाऊक असते. नाच बिघडला तर त्याचा बोल त्या घराला लागतो. चेहरा झाकला जातो, उत्तरदायित्व झाकले जात नाही.

चार माणसे एकत्र जमून बोलू लागली की तेथे शिष्टाचाराचा प्रश्न उभा राहतो. कोणी बोलावे, किती बोलावे, नाव सांगून बोलावे की टोपणनावाने, दुसऱ्याचे खोडताना कोणती पायरी सोडू नये, आणि हे सारे कोणी ठरवावे? आज सार्वजनिक चर्चेचा दर्जा घसरल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिच्यामागे एक गृहीतक दडलेले असते, ते असे की पूर्वी कधीतरी मराठीत वाद सभ्यपणे होत असत. हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांचा इतिहास पाहिला तर दर्जा आणि सभ्यता या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे दिसत नाही. त्या इतिहासातील काही प्रसंग बोहाड्याच्या रीतीशेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रसंग मुखवट्याचाच आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि मराठीत छापील चर्चेला आरंभ झाला. पुढे १८४१ साली भाऊ महाजनांनी मुंबईत 'प्रभाकर' सुरू केले. त्या साप्ताहिकात मार्च १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. पत्रलेखक गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीचे होते आणि सरकारी नोकरीत होते. १८५० पर्यंत त्यांची १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. ती आपण आज 'शतपत्रे' म्हणून शिकतो आणि शिकवतो. स्वसमाजावर, विशेषतः ब्राह्मणांच्या विद्येच्या अभिमानावर, इतक्या उघडपणे टीका करणारे लेखन मराठीत तोवर झाले नव्हते. ते टोपणनावाखाली झाले.

येथे टोपणनाव हे पळवाट होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. लोकहितवादींनी दर आठवड्याला नाव बदलले नाही. एकच नाव, एकच पत्र, एकच भूमिका त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ चालवली. आज एक म्हणायचे आणि उद्या दुसऱ्या नावाने त्याच्या उलट म्हणायचे, ही सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही. शिवाय मुखवट्यामागे भाऊ महाजन हे संपादक उघड्या तोंडाने उभे होते. ज्याला राग येई त्याला जाब विचारण्यासाठी एक ठिकाण होते. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे कायद्यानेही सक्तीचे होते.  बोहाड्याच्या भाषेत सांगायचे तर सोंग कोणाच्या घरचे आहे हे वाचकाला ठाऊक होते.

ही रीत मोडली की काय होते ते दुसऱ्या प्रसंगात दिसते. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ साली निघाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तेने तेव्हा पुण्यात खळबळ माजली होती. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांना दोषी ठरवणारी काही पत्रे दोन्ही पत्रांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर प्रसिद्ध झाला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला. ती पत्रे खरी नाहीत असे न्यायालयात निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते १०१ दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर एक पुस्तक लिहिले.

या प्रकरणाकडे आपण बहुधा देशभक्तीच्या चरित्रातील पहिला तुरुंगवास म्हणून पाहतो. चर्चेच्या शिष्टाचाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. दोन्ही संपादकांचा हेतू शुद्ध होता, भाषा समर्थ होती, आणि विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा होता. उणीव एकच होती. हाती आलेला कागद कोणी लिहिला याची खातरजमा झाली नव्हती. हेतूच्या शुद्धतेने मजकुराची सत्यता सिद्ध होत नाही, हा धडा मराठी वृत्तपत्रांना त्यांच्या दोन अत्यंत बुद्धिमान संपादकांच्या कैदेतून मिळाला. सभ्य शब्दांत लिहिलेले असत्य हे असत्यच असते, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जाते त्याला त्या सभ्यतेचा काही उपयोग नसतो.

तिसरा प्रसंग अधिक अडचणीचा आहे, कारण तेथे दर्जा आणि मर्यादा यांची उघड फारकत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' जानेवारी १८७४ मध्ये निघाली. तिचे ८४ अंक प्रसिद्ध झाले. मराठी निबंधाला घडीव वाक्यरचना, ओघ आणि उपहासाची धार मालेने दिली, हे कोणी नाकारीत नाही. पण त्या धारेचा वापर कोणावर झाला? लोकहितवादींवर झाला, आणि त्याहून कठोरपणे जोतीराव फुले यांच्यावर झाला. शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या म्हणण्याचा प्रतिवाद केला, तितकीच किंबहुना त्याहून अधिक त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचा प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर शुद्धलेखनाच्या बाजूने येत होते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. भाषेच्या दर्जाचा आग्रह धरणे गैर नाही. तो नसता तर मराठी गद्य आज जेथे आहे तेथे पोहोचले नसते. परंतु दर्जाचा आग्रह जेव्हा म्हणणे ऐकण्याआधीच म्हणणाऱ्याला अपात्र ठरवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो दाराशी उभ्या केलेल्या राखणदारासारखा होतो. राखणदार आत आलेल्यांचे बोलणे सुधारत नाही. कोण आत यावे एवढेच तो पाहतो. 'निबंधमाले'त दोन्ही कामे एकाच लेखणीने केली. म्हणून तिचे मोठेपण सांगताना दुसऱ्या कामाचा उल्लेख टाळणे हे अर्धवट अध्यापन होईल.

जोतीरावांनी या राखणदारीला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरत होती. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून जोतीरावांना निमंत्रण गेले. ते त्यांनी नाकारले, आणि त्यांचे नकाराचे पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. पत्राचा आशय असा की जे लोक सर्व माणसांचे हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत आणि तसे वागतही नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा मेळ बसू शकत नाही. पत्राची भाषा मऊ नाही. निमंत्रणाला असे उत्तर देणे हा शिष्टाचाराचा भंग आहे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. पण वरवर उद्धट दिसणारे हे पत्र एका मूलभूत नियमाकडे बोट दाखवते. सभेत बसण्याची जागा देणे आणि सभेत माणूस म्हणून मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसेल तर पहिलीला अर्थ उरत नाही.

पस्तीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक काढले. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. ज्या पत्राने अडतीस वर्षांपूर्वी दुसऱ्यासाठी आवाज उठवताना तुरुंगवास सोसला, त्याच पत्राला मुक्यांच्या नायकाची जाहिरात नको झाली. पाक्षिकाचे नावच सांगते की प्रश्न कसे बोलावे याचा नव्हता, बोलता येणार की नाही याचा होता.

हे सारे पाहिल्यावर मराठी वादाच्या इतिहासात चांगली रीत कोठे नव्हतीच असे कोणी म्हणेल. तसे नाही. टिळक आणि आगरकर यांचेच उदाहरण पुन्हा घ्यावे. सामाजिक सुधारणेवरून दोघांचे बिनसले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकत्व सोडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुढची काही वर्षे दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जी टीका झाली ती वाचताना आजही चटका बसतो. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. पण १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त लिहिलेला मृत्युलेख हा एका मित्राने लिहिलेला लेख होता. दोघांनी एकमेकांना टोकाचे शब्द वापरले, परंतु कोणी कोणाला बोलण्यास अपात्र मानले नव्हते. भांडण बरोबरीच्यांचे होते. जोतीरावांच्या वाट्याला हे बरोबरीचे भांडण आले नाही. आम्हांस महत्त्वाचा फरक येथे दिसतो. कडवेपणापेक्षा तुच्छता अधिक घातक असते, आणि शिष्टाचाराचे बहुतेक नियम कडवेपणा तेवढा आवरतात, तुच्छतेला हात लावीत नाहीत.

आता जव्हार-मोखाड्याकडे परत येऊ, कारण हा फरक तेथे सर्वाधिक जाणवतो. जव्हारला महादेव कोळी मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. ठाणे जिल्ह्याचा भाग असलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा समाजांच्या या भूमीविषयी मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या समाजांच्या चालीरीतींची सविस्तर वर्णने आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे सारा महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर जव्हार-मोखाडा म्हणजे कुपोषण असे जणू समीकरण झाले. त्या लेखनाने सरकारला जाग आणली, त्याची गरज होतीच. पण वर्णन करणारे आणि वर्णिले जाणारे यांच्यात उत्तर-प्रत्युत्तराची वाट क्वचितच होती. गॅझेटियरमधील वारल्याला आपल्या वर्णनातील चूक दाखवण्याची सोय नव्हती. पुढच्या शंभर वर्षांतही ती फारशी निर्माण झाली नाही.

याला सन्मान्य अपवाद आहे तो गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाचा. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा जो लढा झाला, त्याची हकिकत त्यांनी १९७० मध्ये लिहिली. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. हे पुस्तक वेगळे ठरते ते केवळ सहानुभूतीमुळे नव्हे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याबरोबर लेखिका राहिल्या होत्या, सभा घेतल्या होत्या, दडपशाही सोसली होती. आपले म्हणणे त्यांच्यासमोर उभे राहून मांडण्याची पाळी त्यांच्यावर आधीच येऊन गेली होती. लेखणी नंतर आली. ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर असला की शब्द आपोआप तोलले जातात.

वारल्यांच्या तारपा नाचात हीच गोष्ट शरीराच्या हालचालीत दिसते. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेला तारपा घेऊन वाजवणारा मध्ये असतो आणि हातात हात गुंफलेले नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. तो वळला की तेही वळतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नाचाचा नियम. नियम साधा आहे, पण त्यात पाऊल आणि कान दोन्ही बांधले जातात. सुराकडे पाठ फिरवून कितीही चांगले नाचले तरी ते त्या नाचात धरले जाणार नाही.

या रीतींचे गोडवे गाऊन थांबणे मात्र योग्य होणार नाही. बोहाड्यातील मान वंशपरंपरेने येतात, आणि सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले, देवींचीसुद्धा. म्हणजे कोणाला रिंगणात जागा द्यायची हा जोतीरावांचा प्रश्न येथेही लागू पडतो. चांगली रीत असलेला समाजही कोणाला तरी बाहेर ठेवू शकतो. म्हणून रीतीचा आदर करताना तिच्या कडेला कोण उभे आहे हे पाहावे लागते.

हे पाहण्याची एक कायदेशीर सोय आज या दोन तालुक्यांत आहे. दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे एखाद्या पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. दूरच्या मोठ्या गावच्या सभेत मागे बसून गप्प राहणारा पाडा स्वतःच्या अंगणात बोलू शकतो. शिवाय ग्रामसभेच्या नियमित बैठकीपूर्वी महिलांची वेगळी बैठक घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. वरकरणी या तरतुदी प्रशासकीय वाटतात. आमच्या मते त्या चर्चेच्या शिष्टाचाराविषयीच्या तरतुदी आहेत. सभेत स्त्रियांनी नीट बोलावे असा उपदेश कायदा करीत नाही. त्यांचे बोलणे आधी आपापसांत ठरून मग सभेत यावे, इतकी जागा तो करून देतो. अशी जागा मिळाल्यानंतरही बोलणे किती अवघड असते, हे कविता महाजन यांच्या 'ब्र' या २००५ च्या कादंबरीने महिला सरपंचांच्या अनुभवातून दाखवले. तिचे नाव एका अक्षराचे आहे, आणि तेवढे अक्षर तोंडातून काढण्याची किंमत हा तिचा विषय आहे.

तेव्हा चर्चेचा दर्जा कशाने राखला जातो? या प्रसंगांवरून आम्हांस असे दिसते की नेमस्त शब्दांनी तो राखला जात नाही आणि निर्दोष भाषेनेही नाही. लोकहितवादींचा मुखवटा स्थिर होता आणि त्याच्यामागे जबाबदार माणूस उभा होता. कोल्हापूर प्रकरणात खातरजमा राहिली म्हणून उत्तम लेखणीही फसली. 'निबंधमाले'त गद्य उत्तम होते, पण समोरचा माणूस बरोबरीचा मानला गेला नाही. गोदावरीबाईंच्या पुस्तकात तो समोर होता. जबाबदारी, सत्यता आणि बरोबरी या तीन गोष्टी असतील तर शब्द थोडे कडक असले तरी वाद निभावतो. त्या नसतील तर 'महोदय' आणि 'कृपया' यांनी काही साधत नाही.

मराठीच्या अध्यापकांपुढे हा प्रश्न रोज वर्गात येतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आलेली मुले घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलत वाढतात. वर्गात असे एखादे मूल पहिल्यांदा उभे राहून कवितेविषयी काही सांगू लागते. त्याच्या क्रियापदाचे रूप पुस्तकी नसते. अशा वेळी अध्यापकासमोर दोन वाटा असतात. एक, रूप तेथेच दुरुस्त करायचे. दुसरी, त्याला कवितेत काय दिसले ते आधी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि रूपाकडे नंतर वळायचे. दुरुस्ती दोन्हींत होते. पण पहिल्या वाटेने गेल्यास ते मूल पुढच्या तासाला उभे राहील याची खात्री नाही, आणि त्याला कवितेत जे दिसले होते ते आपल्यापैकी कोणालाच कळणार नाही.